आधी स्वतःच्या ताटात वाढा

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

प्रिय भगिनींनो, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या बंधूंनो,

'स्त्री, कुटुंब आणि स्वतःची काळजी' असा भारदस्त विषय मला दिला आहे. मी परिचारिका आहे, वक्ता नाही. तेव्हा जे रोज पाहते तेच बोलणार.

आपल्यापैकी पुष्कळजणी महिन्यातून एकदा आरेतल्या केलटीपाड्याला, नाहीतर बोरिवलीच्या उद्यानातल्या नवापाड्याला जातात. तिथल्या मुलींना आपण काय सांगतो? पोटभर जेव, लोहाच्या गोळ्या घे, अंगावर दुखणं काढू नकोस. आणि घरी आल्यावर आपण काय करतो? सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्या उभ्या कढईतलं उरलेलं खरवडून खातो, कालची पोळी संपवतो, त्यावर अर्धा कप चहा. पाड्यावरची ती मुलगी हे पाहत नाही म्हणून बरं.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. शंभरातल्या सत्तावन्न. म्हणजे हा आजार फक्त पाड्यावरचा नाही, आपल्या इमारतीतलाही आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. दोन जिने चढून धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच तसा झालाय." ताई, स्वभाव कसला, कधीकधी नुसतं रक्त कमी असतं.

उपाय साधे आहेत. नाचणी, अळीव, हिरव्या भाज्या, कडधान्यं, आणि आपल्यात चालतं म्हणून सांगते, मटण-कलेजी. वर लिंबू पिळा. लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणानंतर तासभर नको, तो लोह शोषू देत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका. गोळीनं शौच काळी झाली तर घाबरून बंद करू नका. आणि पाळीत फार रक्त जात असेल तर "वय झालं, होणारच" म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पाड्यावर आणखी एक कारण असतं, अनवाणी चालल्यानं होणारे जंत. तिथं लोहाबरोबर जंताची गोळीही लागते, नाहीतर एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं जायचं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. लाज वाटते हे मला ठाऊक आहे. तपासणीला काही मिनिटं लागतात, लाज तेवढाच वेळ टिकते.

आपल्याला वाटतं, स्वतःकडे पाहणं म्हणजे स्वार्थ. एलीया थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. पुढच्या कामाचं बोलणं त्यानंतर झालं. हा क्रम मला एका परिचारिकेच्या नजरेनं फार योग्य वाटतो.

आता नात्यांकडे येते. एका खोलीत आणि स्वयंपाकघरात पाच माणसं राहतात, मालाडहून चर्चगेटला लटकत जाऊन लटकत यायचं, मग घरात शब्दाला शब्द लागणारच. सासूबाईंना माझं म्हणणं, सुनेच्या पगाराची नव्हे, तिच्या झोपेची चौकशी करा. आणि सुनांनो, सासूबाईंचा गुडघा दुखतो हे नवऱ्याकडून कळायला नको. नवरा-बायकोनं रात्री दहानंतर भांडण काढू नये असं मी सांगते. थकलेल्या माणसाच्या तोंडून न मनातलंही येतं. ते सकाळी चहाबरोबर बोला.

लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या घरच्याच. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, तापट, घरात पैसा टिकू न देणारा. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षं ती मुलाला घेऊन वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तेव्हाही नवऱ्याच्या मागोमाग लगेच धर्म बदलला नाही. स्वतःला पटल्यावर, १९०० साली, तिनं बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे तिनंच पुरं केलं. तिच्या 'स्मृतिचित्रे'त नवऱ्यावर प्रेम आहे आणि त्याच्या खोड्याही झाकलेल्या नाहीत. प्रेम करायला मुकं व्हावं लागत नाही, हे मी त्या पुस्तकातून घेतलं.

पण रुसवे-फुगवे वेगळे आणि हात उगारणं वेगळं. इथं मला स्पष्ट बोलू द्या, कारण आपल्याच मंडळीत "सहन कर, प्रार्थना कर, तो सुधारेल" असं सांगितलं जातं. प्रार्थना करावीच. पण जिचा कानाचा पडदा फाटला आहे तिला आधी दवाखान्यात न्यावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात फक्त मारहाण येत नाही. घालून-पाडून बोलणं, पैसे अडवणं, घराबाहेर काढणं हेही येतं. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं आली. जखमेवर पट्टी बांधून घेता घेता बाईला तिथं बोलायला माणूस मिळतं. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक. मनावर फार ओझं झालं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

पाड्यावर जाणाऱ्या बहिणींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वारली समाजात लग्नाचा खर्च जमत नाही म्हणून कितीतरी जोडपी विधी न करताच संसार थाटतात. कधी मुलं मोठी झाल्यावर लग्न लागतं. एके काळी डहाणू-तलासरीत लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली बायकोसकट त्याचा वेठबिगार होई, त्याला लग्नगडी म्हणत. तेव्हा "लग्न न करता राहतात" असं नाक मुरडून म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा. आणि अशा बाईला नवऱ्यानं मारलं तर "तुझं लग्नच झालेलं नाही, तुला कायदा नाही" असं तिला कोणी सांगेल, ते चूक आहे. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होतो. हे तिला तिच्या बोलीत, तिच्या अंगणात बसून सांगा. बाकी त्यांच्याकडे लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते, हे आपल्याकडच्या पुरुषमंडळींनी ऐकून ठेवायला हरकत नाही.

शेवटी पैशाचं. लाडकी बहीण योजनेत पात्र बहिणींच्या खात्यात जुलै २०२४ पासूनचे महिन्याला १५०० रुपये जमा होऊ लागले. मी पाड्यावर विचारते, "पैसे आले का?" उत्तर येतं, "आले असतील, कार्ड त्याच्याकडं आहे." हाच प्रश्न इथं विचारला तर किती हात वर होतील? आपलं एटीएम कार्ड आपल्या पर्समध्ये असावं, पिन आपल्यालाच माहीत असावा, पासबुक महिन्यातून एकदा भरून आणावं. नवऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. पावसाळ्यात स्टेशनबाहेर शेवळं आणि कंटोळी विकणारी बाई कमरेची पिशवी कुणाच्या हाती देत नाही. तिच्याकडून एवढं तरी शिकावं.

बाहेर व्हरांड्यात हिमोग्लोबिन तपासणीचं टेबल मांडलं आहे. आधी काकूंनी जावं, मग सुनांनी. "मला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी सगळ्यांत आधी. जेवण साडेबाराला आहे, आज बंधू वाढणार आहेत, आणि बहिणींची पहिली पंगत. चहा मुद्दामच दोन वाजता ठेवला आहे.