केशकर्तनालयांतील टॉवेलांचा हिशेब

चाकण म्हटलें म्हणजे पूर्वीं दोन गोष्टी आठवत. एक, १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविलेला तेथील किल्ला. आणि दुसरी, कांद्याचा बाजार. आतां त्या गांवाचें नांव काढतांच मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि कालांतरानें हें कारखान्यांचें राज्य भोसरी ओलांडून नाशिकच्या रस्त्यानें चाकणपर्यंत पोंचलें. जेथें कारखाना तेथें कामगारांची वस्ती, वस्तीच्या तोंडाशीं खानावळ, आणि खानावळीच्या शेजारीं दोन-तीन खुर्च्यांचें केशकर्तनालय, हा क्रम या साऱ्या पट्ट्यांत ठरलेलाच आहे.

अशा दुकानांत शिरणाऱ्या माणसाची नजर प्रथम आरशांकडे व खुर्च्यांकडे जाते. दुकानदारानें भांडवलहि त्यांतच घातलेलें असतें. परंतु गिऱ्हाइकाच्या गालाला, मानेला आणि कपाळाला जी वस्तु प्रत्यक्ष लागते ती म्हणजे टॉवेल. आणि तिचा हिशेब मात्र फार थोड्या दुकानांत लिहून ठेवलेला आढळतो. भाडें, वीज, कारागिरांचा पगार यांचे आंकडे दुकानदारास तोंडपाठ असतात. टॉवेल धुण्याचा खर्च पाण्यांत, साबणांत, विजेंत आणि हाताखालच्या पोऱ्याच्या वेळांत वांटला गेल्यामुळें तो कोठेंच दिसत नाहीं. न दिसणारा खर्च कमी करण्याचा जो सर्वांत सोपा मार्ग सुचतो, तोच सर्वांत वाईट असतो. एका गिऱ्हाइकाचा टॉवेल झटकून खुंटीवर अडकवावयाचा आणि तोच दुसऱ्याच्या गळ्यांत घालावयाचा, हा तो मार्ग होय.

या मार्गानें वांचणारे पैसे कोणाच्या पदरचे असतात, हें पाहण्यासारखें आहे. गजकर्णासारखे बुरशीचे विकार आणि दाढीच्या केसांच्या मुळाशीं येणाऱ्या पुळ्या ओलसर टॉवेलाच्या वाटेनें एका त्वचेवरून दुसरीवर जाऊं शकतात. दाढी करतांना वस्तरा किंचित् लागला आणि रक्ताचा ठिपका टॉवेलावर पडला, तर गोष्ट अधिकच गंभीर होते. कारण यकृताला सूज आणणाऱ्या ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरूं शकतो. पाळी संपवून आलेला, आठवड्याच्या एकुलत्या एका सुटीच्या दिवशीं खुर्चीवर बसलेला कामगार “हा टॉवेल केव्हां धुतला?” असें सहसा विचारीत नाहीं. त्याला संकोच वाटतो. त्याच्या त्या संकोचावर दुकानदारानें आपली काटकसर उभारूं नये, एवढें मान्य केलें म्हणजे पुढील सारा प्रश्न गणिताचा उरतो. प्रत्येक गिऱ्हाइकास धुतलेला टॉवेल मिळावा, आणि तरीहि खर्च हाताबाहेर जाऊं नये, हें कसें साधावें?

पहिलें उत्तर टॉवेलाच्या आकारांत आहे. पुष्कळ दुकानदार अंघोळीचा मोठा टॉवेल वापरतात. गिऱ्हाइकाचा तो मान आहे अशी त्यांची समजूत असते. सत्तर सेंटिमीटर रुंद व एकशेंचाळीस सेंटिमीटर लांब असा साधारण जाडीचा टॉवेल सुमारें ४४० ग्रॅम भरतो. चाळीस बाय साठ सेंटिमीटरचा नॅपकिन त्याच कापडाचा घेतला तर तो शंभर-सव्वाशे ग्रॅमांच्या आंत बसतो. दाढीनंतर तोंड पुसण्यास किंवा कापलेले केस मानेवरून टिपण्यास हा नॅपकिन पुरेसा असतो. डोकें धुतलें असेल तर दोन लागतील इतकेंच. म्हणजे जेथें एक मोठा टॉवेल धुवावयाचा तेथें चार नॅपकिन धुतां येतात.

उदाहरणादाखल तीन खुर्च्यांचें एक दुकान घ्यावें. या भागांतील अनेक कारखान्यांना आठवड्याची सुटी गुरुवारीं असते, आणि रविवारची गर्दी तर सर्वत्रच असते. सोमवारीं दुकान बंद, रविवारीं साठ गिऱ्हाइकें, गुरुवारीं चाळीस, आणि उरलेल्या चार दिवशीं वीस-वीस असें धरलें, तर आठवड्याचीं एकशेंऐशीं गिऱ्हाइकें होतात. प्रत्येकास एक मोठा टॉवेल दिल्यास आठवड्याचें धुणें एकोणऐशीं किलो होईल. एक नॅपकिन दिल्यास, शंभर ग्रॅमांच्या हिशेबानें, अठरा किलो. आठ किलोंच्या यंत्रांत पहिल्या धुण्याचे दहा घाणे होतील, दुसऱ्याचे तीन. एका घाण्यास धुण्याचें एक आणि खळबळण्याचीं दोन अशीं तीन पाणी, प्रत्येकीं पन्नास लिटर, असें मानलें तर एकीकडे दीड हजार लिटर पाणी लागेल, आणि दुसरीकडे साडेचारशें. गच्चीवरच्या पांचशें लिटरांच्या एका टाकींत आठवड्याचें सारें धुणें उरकतें.

पिंपरी-चिंचवडमध्यें या आंकड्याला विशेष अर्थ आहे. पवना धरणांतून सोडलेलें पाणी रावेत येथें उचलून या शहरास पुरविलें जातें, आणि २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यापासून महापालिकेनें दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला. धरणाजवळच्या गांवांत राहूनहि पाणी मोजून वापरावें लागतें, हा धडा येथील गृहिणींस ठाऊक आहे; दुकानदारास तर तो अधिकच लागू पडतो. चाकणच्या बाजूस विहिरीचें, कूपनलिकेचें किंवा टँकरचें पाणी वापरणारीं दुकानेंहि आहेत. काळ्या खडकांतून वर आलेलें असें पाणी पुष्कळदां जड असतें. अशा पाण्यांत साध्या साबणाचा फेस होत नाहीं, उलट त्याचा चिकट साका टॉवेलाच्या धाग्यांत बसतो आणि टॉवेल खरखरीत होतो. तेथें धुण्याची पावडर वापरावी, परंतु ती मापानें घालावी. पावडर अधिक घातल्यानें टॉवेल अधिक स्वच्छ होत नाहीं. ती काढून टाकण्यास आणखी एक पाणी मात्र खर्च होतें.

दुसरें उत्तर साठ्याच्या मोजणींत आहे. एकूण किती टॉवेल हवेत हें सरासरीवरून ठरवूं नये. सर्वांत गर्दीच्या दिवसावरून आणि सर्वांत ओल्या ऋतूवरून ठरवावें. वरच्या दुकानांत बुधवारीं, शुक्रवारीं व सोमवारीं धुणें काढलें तर शनिवार-रविवार मिळून ऐशीं नॅपकिन मळतात. उन्हाळ्यांत शुक्रवारीं रात्रीं धुतलेले साठ शनिवारीं संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळून परत येतात. म्हणून ऐशींवर भागतें. पावसाळ्यांत तेच साठ रविवारींहि दोरीवर ओलेच असतात. तेव्हां ऐशीं आणि साठ मिळून एकशेंचाळीस लागतात, आणि फाटके, हरवलेले यांसाठीं दहावा हिस्सा धरला म्हणजे दीडशेंच्या वर संख्या जाते. पुष्कळ दुकानदारांचा धीर नेमका येथेंच सुटतो. श्रावणांतल्या झडींत साठा संपतो, आणि मग ओला नॅपकिन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मानेवर जातो. कारागीर वाईट असतो असें नव्हे. त्याच्या हाताशीं कोरडा नॅपकिनच नसतो.

यावर दुप्पट खरेदी हा एकच इलाज नाहीं. यंत्रांत पाणी पिळून काढण्याचा वेळ वाढवावा. दुकान बंद झाल्यावर छताखालीं दोऱ्या बांधून रात्रभर पंखा चालू ठेवावा. पावसाळ्यांत तीनऐवजीं चार वेळां लहान घाणे काढावेत. आणि घरांत किंवा दुकानांत जुने मोठे टॉवेल पडले असतील, तर त्यांचे प्रत्येकीं सहा तुकडे करून कडा शिवून घ्याव्यात. सत्तर-एकशेंचाळीसच्या एका टॉवेलाचे पस्तीस-सेहेचाळीसचे सहा नॅपकिन होतात. नवीन घ्यावयाचे झाल्यास सोलापूरचे टॉवेल जवळच मिळतात. सोलापुरी टेरी टॉवेलास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीहि लाभली आहे.

तिसरें उत्तर धुण्याच्या रीतींत आहे, आणि तें पोऱ्याला समजावून सांगण्याजोगें आहे. वापरलेला नॅपकिन प्रथम दाराबाहेर झटकावा; केस तसेच यंत्रांत गेले तर मोरी तुंबते आणि धुतलेल्या कापडांतहि ते टोंचत राहतात. ओले नॅपकिन बादलींत दाबून ठेवूं नयेत. धुण्याचा दिवस येईपर्यंत ते वेगळ्या दोरीवर पसरावेत, नाहींतर कुबट वास आणि बुरशी दोन्ही हमखास येतात. रक्त लागलेला नॅपकिन लगेच बाजूस काढून आधीं थंड पाण्यांत धुवावा. गरम पाण्यानें रक्ताचा डाग पक्का बसतो. केस रंगविण्यासाठीं काळ्या किंवा गर्द रंगाचे वेगळे नॅपकिन ठेवावेत, म्हणजे डाग काढण्याच्या नादीं पांढरा नॅपकिन ब्लीचिंगनें विरविला जात नाहीं. डोक्याच्या मालिशीचें तेल, आणि कारखान्यांतून थेट आलेल्या माणसाच्या मानेवरचें यंत्राचें तेल, हीं दोन्ही गार पाण्यानें निघत नाहींत. त्यांस धुण्याचा सोडा व गरम पाणी लागतें. सुवासिक मऊपणा आणणारीं द्रव्यें मात्र टाळावींत. त्यांचा लेप धाग्यांवर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

गरम पाण्याचा खर्च भीति वाटावी इतका नसतो. पन्नास लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें दोन युनिट वीज लागते. साठ अंशांच्या धुण्यांत त्वचेच्या बुरशीचा चांगला बंदोबस्त होतो. कोमट पाण्यांत ती पुष्कळदां टिकून राहते. तीन घाण्यांस आठवड्याचे सहा युनिट होतात. मोठ्या टॉवेलांच्या दहा घाण्यांस हेच वीस युनिट झाले असते, आणि मग दुकानदारानें पाणी तापविण्याचाच नाद सोडला असता. आकार लहान केल्यामुळें जी बचत झाली, तिच्यांतूनच आरोग्याचा खर्च निघतो. त्यानंतरचें काम ऊन करतें, आणि त्याचें बिल येत नाहीं.

धुणें बाहेर लाँड्रीस देणाऱ्यानें दर नगावर आहे कीं वजनावर आहे हें आधीं पहावें. वजनावर असेल तर ओला नॅपकिन कधींहि देऊं नये, कारण तेथें पाण्याचेहि पैसे मोजावे लागतात. एकदां वापरून फेकण्याचे टॉवेल हा आणखी एक मार्ग आहे. करोनाच्या सांथींत बंद झालेलीं केशकर्तनालयें महाराष्ट्र सरकारनें २८ जून २०२० पासून उघडूं दिलीं, तेव्हां अशा टॉवेलांचा बराच बोलबाला झाला. सांथीच्या काळांत त्यांचा उपयोग निर्विवाद होता. परंतु त्यांचा खर्च प्रत्येक गिऱ्हाइकागणिक नव्यानें होतो, आणि त्यांचा कचरा अखेर मोशीच्या डेपोवर जाऊन पडतो. मानेभोंवतीं कागदाची पट्टी बांधावी आणि तोंड पुसण्यास कापडी नॅपकिन द्यावा, ही तडजोड बहुतेक दुकानांस परवडते.

हा सारा हिशेब ठेवण्यास मोठी वही लागत नाहीं. भिंतीवर दोन पेट्या असाव्यात, एक धुतलेल्या नॅपकिनांची व एक मळलेल्यांची. रात्रीं दुकान बंद करतांना मळलेले मोजावेत आणि त्या दिवशींच्या गिऱ्हाइकांची संख्या शेजारीं लिहावी. दोन्ही आंकडे जुळले तर दुकान स्वच्छ चाललें आहे. मळलेले नॅपकिन गिऱ्हाइकांहून कमी भरले, तर कोणाच्या तरी गालाला दुसऱ्याचा टॉवेल लागला आहे, हें मालकास त्याच रात्रीं कळतें.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांसहि यांत कांहीं कर्तव्य आहे. लहान नॅपकिन दिला म्हणून दुकानदारानें हात आंखडता घेतला असें त्यांनीं मानूं नये, आणि धुतलेला नॅपकिन मागण्यांत संकोच बाळगूं नये. ज्यास विचारण्याचें धैर्य आहे त्यानें विचारलें, तर ज्यास तें नाहीं त्याचेंहि रक्षण होतें. मुलाचे केस कापण्यास नेणाऱ्या आईनें उघडपणें केलेली ही एक मागणी, शेजारच्या खुर्चीवर मान खालीं घालून बसलेल्या कामगाराच्याहि उपयोगीं पडते.