बाईचं मत



मी शाळेत शिकवते, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी ठरलेलीच. मागच्या खेपेला बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडं होतं. एक आजी आल्या, डाव्या हाताचं बोट पुढं केलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, कुठलं बटण दाबलं ते घरात कळंल का वो?" मी म्हटलं, "नाही आजी. कुणालाच कळत नाही." त्यांनी पदर सारखा केला आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या.

आपल्याकडं घराचं मत एकच धरतात. प्रचाराला आलेला माणूस दारात बाई उभी दिसली तरी विचारतो, "मालक आहेत का?" १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर नावापासूनच अडचण होती. यादी करायला आलेल्याला कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या. निर्णय कठोर होता, पण मला तो बरोबर वाटतो. नाव नसलेलं मत शेवटी नवऱ्याच्याच नावावर गेलं असतं.

१९६२ साली पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं, बायकांचं जेमतेम ४७. हे अंतर मिटायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. २०१९च्या लोकसभेला बायका किंचित पुढं गेल्या. बिहारमध्ये त्या आधीच पुढं होत्या. तिथं २०१५च्या विधानसभेला बायकांचं मतदान ६० टक्के झालं, पुरुषांचं ५३. अर्थात तिथले लाखो पुरुष पोटासाठी पंजाबात, मुंबईत असतात आणि नावं मात्र गावच्या यादीत राहतात, हेही त्या आकड्यात आहे.

पण हे सगळे आकडे बायका किती आल्या याचे. मतदानाच्या दिवशी दर दोन तासांनी आम्ही केंद्रावरून स्त्रिया किती, पुरुष किती ते वर कळवतो. बायकांनी मत कुणाला दिलं, ते मोजणीत वेगळं होत नाही. म्हणून निकालानंतर जो तो आपल्याला हवं ते बोलतो. महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभेआधी सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यावर आले, तेव्हा "बायका पैशाला भुलल्या" असं सर्रास बोललं गेलं. मला त्याचा फार राग येतो. कर्जमाफीसाठी, वीजबिलासाठी पुरुषानं मत दिलं तर तो त्याचा हक्क. बाईनं घरखर्चाचा विचार केला की ती भुलली?

बायकांचं मत वेगळं दिसतं अशी एक निवडणूक मात्र महाराष्ट्रातल्या गावांत होते. गावातलं दारूचं दुकान बंद करा, अशी मागणी पुरेशा महिला मतदारांनी केली की महिलांचं गुप्त मतदान घेतलं जातं. चिन्हं दोनच. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. उमेदवार नाही, पक्ष नाही, जात नाही. संध्याकाळी खिशातला पगार कुठं जातो आणि रात्री घरात काय होतं, ते जिला ठाऊक असतं तिनंच शिक्का मारायचा.

नियम मात्र कडक आहे. आलेल्या मतांची निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करावी लागते. जी आली नाही, तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात पडतं. म्हणून त्या दिवशी खुरपायला गेलेल्या बाईला बांधावरून हाक मारून आणतात, लेकीकडं गेलेल्या म्हातारीला आदल्या रात्रीच सांगावा धाडतात, आणि ओली बाळंतीणसुद्धा कानाला फडकं बांधून रांगेत उभी राहते.