मामांची शीर आणि प्रवरेचा पाट



प्रवरेच्या पाटावर शेती करणाऱ्या माझ्या मामांची आठ वर्षांपूर्वी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. छातीतली एक रोहिणी आणि पोटरीतल्या शिरेचे दोन तुकडे, अशी तीन जोडकामं. गेल्या सुट्टीत ओट्यावर बसलो असताना त्यांनी विचारलं, "आरं, तू कॉलेजात गणित शिकवतो ना? मंग मला सांग, मांडीत चांगली जाड शीर होती. ती सोडून डॉक्टरनं पोटरीतली बारीक का घेतली? पाइप मोठा तर पाणी जास्त, का नाही?"

प्रश्न बिनतोड वाटतो, आणि अर्धा तो खराही आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या, गव्हाच्या काडीएवढ्या. त्यांतली एखादी चोंदली म्हणजे चोंदलेला भाग तसाच ठेवून दुसरी नळी वरून आणून त्याच्या पुढे जोडायची. हे झालं कलम. आता ही नळी फार बारीक असून चालत नाही. पॅरिसचा डॉक्टर प्वाझय याने १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून पाहिलं. त्याला आढळलं की दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर पाणी निम्मं येत नाही, चौथाईही येत नाही; सोळावा हिस्सा येतं! म्हणून बारीक कलम म्हणजे गळा दाबल्यासारखंच.

"मंग जाडच घालायची," मामा म्हणाले.

इथंच खरी गंमत आहे. मी म्हटलं, मामा, तुमच्या वावरात किती पाणी जाणार हे कशावर ठरतं? पाट कितीही रुंद केला, तरी शेवटच्या चारीत मावेल तेवढंच पाणी वावरात जाणार. हृदयातही तसंच. जोडाच्या पुढे ती बारीक रोहिणी आणि तिच्यापुढे केसांहून बारीक वाहिन्यांचं जाळं. किती रक्त जाणार हे मुख्यतः ते जाळं ठरवतं. कलम पुरेसं रुंद झालं की त्यापुढचा रुंदपणा फुकट.

नुसता फुकट असता तरी हरकत नव्हती. समजा, रोहिणी दोन मिलिमीटरची आणि जोडलेली शीर चार मिलिमीटरची. रक्त दोन्हींतून तेवढंच जातं, पण शिरेचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून तिथला वेग चौथाई. मामांनी लगेच ओळखलं. "पाट रुंद झाला की पाणी सुस्त होतं, गाळ बसतो."

उपमा छान आहे, पण तिला थोडा लगाम घालायला हवा. रक्तात माती नसते. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, रक्त त्याला घासत जातं, आणि निरोगी राहायला अस्तराला हे घासणं हवंच असतं. व्यास दुप्पट झाला की वेग चौथाई होतो, पण हे घासणं एक-अष्टमांशावर येतं. जिथं ते फार कमी पडतं, तिथं भिंतीतल्याच पेशी वाढू लागतात, आतला थर जाड होतो आणि वाट आतून अरुंद होत जाते. म्हणजे गाळ बाहेरून येत नाही, काठच आत सरकतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सांधा. रुंद नळीतून आलेलं रक्त तिरकं येऊन बारीक रोहिणीच्या समोरच्या भिंतीवर आपटतं आणि वळतं. तोंडाच्या कोपऱ्यांत आणि त्या भिंतीपाशी ते रेंगाळतं, भोवरे धरतं. थर जाड होतो तो बहुधा अशाच ठिकाणी. दोन्ही नळ्यांच्या मापांत तफावत जितकी जास्त, तितकं हे रेंगाळणं जास्त.

अर्थात सगळा दोष मापाचा नव्हे. शिरेला मुळात कमी दाबाची सवय. तिला एकदम रोहिणीचा दाब सोसावा लागतो. शिवाय तिच्यात एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला पायाच्या शिरेची ही पद्धत रूढ केली. छातीतली रोहिणी मापाने हृदयाच्या रोहिणीशी बरीच जुळते आणि दाबालाही सरावलेली असते. दहा वर्षांनंतर अशी दहांपैकी नऊ कलमं वाहती आढळतात. शिरेची मात्र जवळजवळ निम्मी बंद पडलेली असतात.

हा आकडा सांगताना मी जरा चाचरलो. मामांचं आठवं वर्ष सरत आलेलं.

"मंग तिन्ही छातीतल्याच का नाही घातल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तशा छातीत दोनच असतात, आणि दोन्ही काढल्या तर, विशेषतः मधुमेही माणसात, छातीच्या हाडाची जखम भरून यायला त्रास होऊ शकतो. मामांना मधुमेह आहे.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एक पाट पक्का, आन् दोन चाऱ्यांवर नजर ठेवायची." आणि मामीला हाक मारून त्यांनी दवाखान्याची फाइल मागवली. पुढच्या तपासणीची तारीख होऊन तीन महिने उलटले होते.