अनोळखी गिऱ्हाईक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी शिक्षण, विवाह, हुंडा असे भारदस्त विषय निवडले जातात आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज किरकोळ वाटेल असा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. तो म्हणजे सकाळच्या न्याहारीचे उपाहारगृह आणि तेथे गिऱ्हाइकास मिळणारी वागणूक. रविवारी सकाळी सहकुटुंब मिसळ अथवा डोसा खावयास बाहेर पडणे ही आता चैन राहिलेली नाही. शिवाय आपल्या ज्ञातीतील काही तरुणांनी याच धंद्यात पाऊल टाकले आहे. तेव्हा गिऱ्हाईक आणि मालक अशा दोन्ही नात्यांनी हा विषय आपल्या घरचा आहे.

उपाहारगृहातून परत आलेला मनुष्य घरी काय सांगतो, ते लक्षपूर्वक ऐकावे. पोह्यांत मीठ कमी होते, हे तो दोन दिवसांत विसरतो. परंतु आपल्यामागून आलेल्यांना आधी वाढले, तीनदा हाक मारली तेव्हा पाण्याचा पेला आला, कळकट फडक्याने टेबल पुसताना खरकटे अंगावर आले, या गोष्टी तो वर्षानुवर्षे सांगत राहतो. तसेच, आजीबाईंना पायरी चढवेना तेव्हा वाढप्याने हातातले ताट खाली ठेवून त्यांना हात दिला, हेही तो विसरत नाही. गिऱ्हाइकाचा अनुभव म्हणतात तो पदार्थापेक्षा अशा वागणुकीतूनच बनत असतो.

आपल्याकडे या धंद्याच्या तीन जुन्या परंपरा आहेत. पहिली इराण्याची. मुंबईत धोबीतलावास १९०४ साली कयानी, पुण्यास डेक्कनवर १९३५ साली गुडलक, अशी ही दुकाने निघाली. एक चहा आणि ब्रून-मस्का मागवून वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या माणसास तेथे सहसा कोणी उठवीत नसे. खिशात थोडे पैसे असलेल्या परगावच्या मनुष्याला शहरात मानाने बसावयास मिळणारी ती जागा होती. दुसरी परंपरा उडुपी उपाहारगृहांची. माटुंग्याचे कॅफे मद्रास १९४० सालचे. तेथील रीत झटपट कामाची आणि जागेच्या काटकसरीची. गर्दीच्या वेळी आपल्यासमोर अनोळखी मनुष्य येऊन बसतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. या धंद्यात दिवसभर राबून रात्री मुंबईतील कानडी रात्रशाळांत शिकलेली कितीतरी मुले पुढे स्वतः मालक झाली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिसरी परंपरा आपल्या मराठी उपाहारगृहांची. मिसळीवर पुन्हा रस्सा वाढणे ही तिची खूण. कोल्हापुरी त्याला कट म्हणतो, पुणेकर सॅम्पल म्हणतो. बऱ्याच ठिकाणी तो न मागता आणि वेगळे पैसे न घेता मिळतो.

या तिन्ही परंपरांची प्रतिष्ठा एकाच गोष्टीवर उभी आहे. जी रीत नेहमीच्या गिऱ्हाइकाला, तीच पहिल्यांदा आलेल्याला. ओळखीच्या माणसाचे स्वागत कोणीही करील, त्यात विशेष काही नाही. जो पुन्हा येईल की नाही हे ठाऊक नाही, ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही, त्याला कसे वागविले जाते, हीच उपाहारगृहाची खरी कसोटी होय.

एका तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाजवळ मी न्याहारीस बसलो होतो. डोक्यावर गाठोडे घेतलेल्या एक वयस्क बाई आत आल्या आणि त्यांनी मिसळ मागितली. गल्ल्यावरून आवाज आला, "आधी पैसे दे." बाईंनी कनवटीची नाणी मोजून दिली आणि मगच त्यांच्यापुढे ताटली आली. माझ्याकडे मात्र आधी पैसे कोणी मागितले नव्हते. निघताना मी मालकांना याचे कारण विचारले. ते म्हणाले, "ओळख नव्हती हो, साहेब." मी म्हणालो, "माझी तरी कुठे होती?" त्यावर ते काही बोलले नाहीत. बाईंची मिसळ माझ्याइतकीच गरम होती, रस्साही तोच होता. परंतु आम्हां दोघांना मिळालेली न्याहारी एक नव्हती.

येथे कोल्हापूरची एक प्रसिद्ध हकीकत सांगणे अगत्याचे आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत चाकरीस होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून स्पृश्य मंडळी तिकडे फिरकत ना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवून स्वतः तेथील चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही घ्यावयास लावू लागले. महाराज १९२२ साली निवर्तले. त्यानंतर याच कांबळ्यांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारले. गिऱ्हाइकाने कोणाच्या दुकानात पाऊल टाकावे, या साध्या गोष्टीत केवढे सामर्थ्य असते, ते या प्रसंगावरून दिसते.

एके काळी आपल्या शहरांत उपाहारगृहांच्या पाट्यांवर जातीचा उल्लेख असे, आणि कित्येक गावी काही लोकांसाठी कपबशा वेगळ्या ठेवल्या जात. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेश सर्वांना खुला केला, आणि १९५५ च्या कायद्याने अशी अडवणूक हा गुन्हा ठरला. पाट्या गेल्या. परंतु मालकाचे आडनाव विचारून मग आत शिरण्याची खोड गेली, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो काय? आपल्या ज्ञातिसभेत हा प्रश्न मी मुद्दाम विचारीत आहे. आपल्या माणसाच्या दुकानी जावे, असा ठराव करणे सोपे असते. पण ज्ञातीच्या पंचवीस घरांवर कोणतेही उपाहारगृह चालत नाही. ते परक्यांच्या विश्वासावर चालते. आपल्या तरुण मालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, ज्ञातिबंधूला कोपऱ्यातील चांगले टेबल राखून ठेवू नका. आलेल्या क्रमाने बसवा, सर्वांना 'अहो' म्हणा, पिण्याचे पाणी आणि पुसण्याचे फडके स्वच्छ ठेवा आणि पैसे सर्वांकडून एकाच रीतीने घ्या. ज्ञातीची शोभा त्यानेच वाढेल.

आता गिऱ्हाईक म्हणून आपले कर्तव्य. ताट घेऊन येणारा मनुष्य पहाटेपासून उभा असतो. त्याला चुटकी वाजवून अथवा 'ए पोऱ्या' म्हणून बोलावू नये. दादा, मामा, अण्णा असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत पडले आहेत. पोऱ्या खरोखरच लहान असेल, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत आणि चहाच्या दुकानांत कामास ठेवण्यास बंदी आहे. तेथे गप्प बसून खाणे आपल्याला शोभत नाही. बिलात न विचारता सेवाशुल्क लावले असेल, तर ते काढावयास सांगण्याचा आपला हक्क आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या उचलून धरल्या. परंतु त्याचा राग वाढप्यावर काढू नये, कारण बिल त्याने ठरविलेले नसते.

हल्ली घरी पोहोचण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर उपाहारगृहाला तारे देण्याची पद्धत पडली आहे. चांगले लिहावयाचे असल्यास अवश्य लिहावे. तक्रार मात्र आधी गल्ल्यावर जाऊन, आवाज न चढविता, मालकाच्या कानी घालावी. समोरासमोर सांगितलेली चूक त्याच दिवशी सुधारता येते. रागाच्या भरात चारचौघांत लिहिलेल्या दोन ओळींनी एखाद्या गरीब वाढप्याची नोकरी जाऊ शकते, आणि फडके कदाचित तसेच कळकट राहते.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारी आपण न्याहारीस जाल तेव्हा आपल्याला काय मिळाले एवढेच पाहू नका. पलीकडच्या टेबलावर एकट्या बसलेल्या अनोळखी माणसाला पाण्याचा पेला केव्हा मिळाला, तेही पाहा. तो आपल्या आधी आलेला असून आपल्याला आधी वाढले जात असेल, तर "आधी त्यांना द्या," एवढे म्हणा. त्याला पैसा लागत नाही.