यूट्यूबचं नवं रूप आणि चांदूर बाजारची पन्हेरी



चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड या संत्रापट्ट्यात धंदा करणाऱ्या माणसाला यूट्यूबचं नवल राहिलेलं नाही. पन्हेरीवाला, म्हणजे रोपवाटिका चालवणारा, आपल्या कलमांचा व्हिडिओ टाकतो, कृषी केंद्रवाला फवारणीचा, ब्लोअर विकणारा यंत्र चालवून दाखवतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि वावरात उभ्या उभ्या व्हिडिओ पाहणं ही रोजची गोष्ट झाली. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. ही जागा ज्या कंपनीच्या मालकीची आहे ती कंपनी वरचेवर तिचं रूप पालटते. बटणं सरकतात, पान वेगळं दिसतं, काल होती ती सोय आज नसते, आणि व्हिडिओ पाहणाऱ्यांचा आकडा एकदम खाली आलेला दिसतो. मग कुणी नवा कॅमेरा घ्यायला निघतो, कुणी जुने व्हिडिओ काढून टाकतो, कुणी पैसे भरून नव्या अल्गोरिदमचं गुपित सांगणाऱ्या क्लासला बसतो. (ते गुपित ठाऊक असलेला माणूस क्लास कशाला चालवेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही.) माझं म्हणणं असं आहे की रूप पालटल्यावर धंदेवाल्यानं धावपळ कमी आणि तपासणी जास्त करावी. आजवर झालेल्या बहुतेक बदलांनी मांडणी बदलली, गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र तोच राहिला. त्या प्रश्नाला धरून केलेलं काम प्रत्येक बदलातून तरून गेलेलं दिसतं.

पुरावा पाहू. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढला. १९ सेकंदांचा, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला. त्यानंतर या संकेतस्थळानं कितीदा कात टाकली, पण तो व्हिडिओ त्याच पत्त्यावर आजही उघडतो. २०१० मध्ये पाच चांदण्यांची पद्धत जाऊन अंगठा वर, अंगठा खाली आला, कारण चांदण्या देणारे बहुतेक लोक पाचच्या पाच देऊन मोकळे होत. डिसेंबर २०११ मध्ये मुखपृष्ठाची मांडणी बदलली, २०१७ मध्ये बोधचिन्हासकट रंगरूप बदललं. यातल्या कशानंही कलमं विकणाऱ्याचं काही अडलं नसतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पूर्वी चालू व्हिडिओवर चौकोनी चिठ्ठ्या चिकटवायची सोय होती, ॲनोटेशन म्हणत तिला. जगभरच्या कित्येक दुकानदारांनी मोबाइल नंबर, दुकानाचा पत्ता, झालेल्या चुकीची दुरुस्ती, असं सगळं त्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं होतं. मोबाइलवर पाहणाऱ्याला त्या दिसतच नसत. मे २०१७ पासून नवी चिठ्ठी लावणं बंद झालं, आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही सगळ्या नाहीशा झाल्या. व्हिडिओ शाबूत राहिला, त्यातला नंबर गेला. ज्यानं तोच नंबर तोंडानं सांगितला होता, त्याला त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही.

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. २०१३ मध्ये चॅनेलच्या माथ्यावर रुंद चित्र लावायची नवी रचना आली. ते चित्र टीव्हीवर पूर्ण दिसतं, फोनवर फक्त मधली पट्टी दिसते, म्हणजे कोपऱ्यात छापलेला पत्ता कापला जातो. व्हिडिओच्या लहान चित्रात उजव्या बाजूला खाली कालावधीचा आकडा बसतो आणि तिथे लिहिलेला भाव झाकला जातो. शॉर्ट्समध्ये, म्हणजे यूट्यूबच्या उभ्या छोट्या व्हिडिओंत, उजवीकडे बटणं आणि खाली नाव येतं, तिथला मजकूर वाया. खाली लिहिलेलं वर्णन फोनवर बोट लावून उघडावं लागतं, आणि ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि प्रतिक्रियांतल्या लिंकवर बोट लावूनही ती उघडत नाही. म्हणून नाव, गाव, नंबर आणि मुख्य माहिती व्हिडिओत बोलून सांगावी. पडद्यावर लिहायची ती मधोमध, मोठ्या अक्षरांत, आणि बोलण्याला जोड म्हणून. आकाशवाणीवरून बोलणाऱ्यानं बोलण्याची बाजू घ्यावी यात थोडा आपमतलब आहे हे मला मान्य आहे, पण पुरावाही त्याच बाजूचा आहे.

आता कुणी म्हणेल, मग बदलाकडे पाहूच नये काय? तसं नाही. काही बदल वरवरचे नसतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये यूट्यूबनं शोधातला क्रम ठरवताना व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला वजन द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत भडक चित्र लावून माणसाला आत ओढलं की काम भागत असे. त्यानंतर आत आलेला माणूस थांबणं महत्त्वाचं झालं. हा बदल पानावर कुठेच दिसत नव्हता, आणि धंद्यावर परिणाम मात्र सगळ्यात जास्त याचाच झाला. आपल्याकडचे दुकानदारांचे व्हिडिओ या कसोटीवर अजूनही मार खातात. सुरुवातीचं अर्ध मिनिट दुकानाचं नाव गरगर फिरतं, संगीत वाजतं, मग मालक सगळ्यांचं स्वागत करतात, चॅनेलला सबस्क्राइब करा म्हणतात, आणि पाहणारा तोवर दुसरीकडे गेलेला असतो. तो आलेला असतो एका नेमक्या अडचणीपायी: कलम जंबेरी खुंटावरचं घ्यावं की रंगपूरवरचं, डोळा किती उंचीवर बांधलेला असावा, भारी काळ्या जमिनीत पाणी साचून डिंक्या लागतो तर लागवड गादीवाफ्यावर करावी काय. पहिल्या वाक्यात त्याचाच प्रश्न त्याच्या शब्दांत आला पाहिजे आणि दुसऱ्या वाक्यापासून उत्तर. दुकानाचं नाव उत्तर देता देता सांगता येतं. हे २०१२ मध्ये खरं होतं आणि आजही आहे. मधल्या काळात पान कितीदा बदललं याच्याशी त्याचा संबंध नाही.

नेहमी ऐकू येणारा आक्षेप शॉर्ट्सचा आहे. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी घातली, आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणी आधी भारतातच सुरू केली. तेव्हा मर्यादा १५ सेकंदांची होती, पुढे ती मिनिटावर गेली, आणि १५ ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांचा उभा व्हिडिओही शॉर्ट्समध्ये चालतो. आता ॲप उघडलं की जागोजाग शॉर्ट्सच समोर येतात. तेव्हा, दहा मिनिटांचा व्हिडिओ कोण पाहणार, असं लोक विचारतात. मी म्हणतो, ज्याचे पैसे अडकणार आहेत तो पाहणार. संत्र्याचं झाड पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येतं. आज घेतलेलं कलम रोगट निघालं किंवा भलत्याच मातृवृक्षाचं निघालं, तर ते कळेपर्यंत पाच वर्षांचं पाणी, खत, मजुरी आणि जागा गेलेली असते. एवढी जोखीम घेणारा माणूस तीस सेकंदांवर कलमं ठरवत नाही. तो पन्हेरीतली माती पाहतो, मुळ्या पाहतो, डोळ्याचा जोड जवळून दाखवा म्हणतो. त्याला लांब व्हिडिओच लागतो. याउलट, ब्लोअरचा फवारा झाडाच्या शेंड्यापर्यंत जातो काय, हे वीस सेकंदांत दिसतं. तिथे शॉर्ट पुरतो. म्हणजे लांबी ठरवायची ती गिऱ्हाइकाच्या जोखमीवरून. शॉर्टला आपलाच एखादा लांब व्हिडिओ जोडायची सोय २०२३ पासून आहे. ती वापरली म्हणजे शॉर्ट पाहून थबकलेला माणूस सविस्तर माहितीपर्यंत पोचतो. उभा आणि आडवा, दोन्ही व्हिडिओ काढायला दोनदा मेहनत पडते ही तक्रार रास्त आहे. पण पन्हेरीत उभं राहून दहा मिनिटं बोलणं झालंच आहे, तर फोन उभा धरून त्यातलं एक उत्तर पुन्हा द्यायला फार वेळ लागत नाही.

यानंतर आकड्यांचं. रूप पालटलं आणि आकडा पडला, म्हणजे रूपामुळेच पडला, ही समजूत आपल्या भागात विशेष फसवी आहे, कारण आपल्या धंद्याला हंगाम आहे. कलमांची विचारणा पावसाळ्याच्या तोंडावर वाढते आणि लागवड आटोपली की ओसरते. मृग बहारासाठी झाडांना पाण्याचा ताण द्यायचा तो उन्हाळ्यात, आंबिया बहाराचा ताण थंडीत. आंबियाची फळगळ हा पावसाळ्यातला प्रश्न. सप्टेंबरात यूट्यूबनं काही बदललं आणि कलमांच्या व्हिडिओची मागणी घटली, तर दोष नव्या बटणांचा की संपलेल्या लागवडीचा? याला उपाय सोपा आहे. या जूनची तुलना मागच्या जूनशी करावी, मे महिन्याशी नाही. आणि आकडा कसला आहे तेही पाहावं. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी तो पाहिल्याचं मोजलं जातं, पूर्वी थोडा वेळ तरी पाहावा लागे. त्या दिवसानंतर फुगलेल्या आकड्यावर खूष होणं हे पडलेल्या आकड्यावर रडण्याइतकंच व्यर्थ. नापसंतीचा आकडाही नोव्हेंबर २०२१ पासून पाहणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे खोटी जाहिरात करणाऱ्या पन्हेरीची खूण पुसली गेली, आणि प्रामाणिक माणसावर विश्वास पटवण्याचं ओझं वाढलं. त्यानं परवाना दाखवावा, मातृवृक्ष दाखवावा, पाच वर्षांपूर्वी त्याच्याच कलमांवर उभी राहिलेली बाग तिच्या मालकाच्या संमतीनं दाखवावी. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला खाली उत्तर द्यावं, अडचणीच्या प्रश्नालाही. धंद्यासाठी खरा आकडा एकच, तो कोणत्याही पडद्यावर दिसत नाही: फोन किती आले आणि त्यातले किती जण व्हिडिओ पाहून आले. आलेल्या माणसाला तेवढं विचारून वहीत लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. ही कंपनी परकी, नियम तिचे, बदल तिच्या फायद्याचे. मग तिच्या दारात आपला धंदा मांडायचाच कशाला? व्हॉट्सॲपचा गट पुरे नाही काय? वऱ्हाडातल्या संत्रा उत्पादकाला ही भीती समजावून सांगायची गरज नाही. आपला बराचसा माल बांगलादेशात जायचा. त्या देशानं २०१९ पासून आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टका झालं, आणि इथल्या बागेतला भाव कोसळला. एकाच बाजारावर भिस्त ठेवण्याचं मोल आपण मोजलेलं आहे. पण त्या अनुभवावरून आपण बांगलादेशला माल पाठवूच नये असं कुणी म्हणालं नाही, दुसरे बाजार शोधावेत असं म्हणाले. तेच इथे लागू करा. व्हॉट्सॲपचा गट ओळखीच्या माणसांचा असतो. पुसद किंवा माळव्यातला अनोळखी शेतकरी त्यात नसतो, तो शोध घेत येतो तो यूट्यूबवर. म्हणून यूट्यूब सोडू नये, आणि तिथेच सगळं ठेवूही नये. प्रत्येक व्हिडिओची मूळ फाइल आपल्या हार्ड डिस्कवर असावी. विचारणा करणाऱ्याचं नाव, गाव, नंबर त्याच्या परवानगीनं आपल्या नोंदीत असावं. टिकटॉकवर ज्यांचं सारं होतं त्यांच्याकडून एका रात्रीत पाहणारे गेले. ज्यांच्याकडे मूळ व्हिडिओ होते त्यांना निदान नव्या जागी सुरुवात तरी करता आली.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. नुसतं चांदूर म्हटलं तर बाहेरच्या माणसाला उलगडा होत नाही, आणि यूट्यूबच्या शोधयंत्रालाही होत नाही. कित्येक जण माइकच्या चिन्हावर बोट ठेवून बोलून शोधतात, काही जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात. तेव्हा शीर्षकात पिकाचं नाव, अडचण आणि चांदूर बाजार, जिल्हा अमरावती असं पूर्ण यावं. रोमन अक्षरांतलं रूप वर्णनात असावं. जुना व्हिडिओ पाडून नवा टाकण्यापेक्षा त्याचं शीर्षक आणि लहान चित्र सुधारावं, कारण पत्ता तोच राहतो आणि त्या पत्त्यावर जमलेले प्रश्न आणि उत्तरंही राहतात. माहिती कालबाह्य झाली असेल, एखादं औषध बंदीत गेलं असेल, तर मात्र तो व्हिडिओ न कचरता काढावा.

तेव्हा यूट्यूबचं पान पुढच्या वेळी बदललेलं दिसलं की क्लास लावण्याआधी एवढं करा. आपला सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या तरी साध्या फोनवर उघडा. आधी पडद्याकडे न पाहता नुसता ऐका, आणि गाव, नंबर, कामाचं उत्तर कानावर येतं काय ते तपासा. मग आवाज बंद करून पाहा, आणि काय झाकलं गेलंय ते टिपून घ्या. जे सापडेल तेवढंच दुरुस्त करा, आणि पुढच्या हंगामापर्यंत बाकी कशाला हात लावू नका.