गारगोटीचा फोटो, आहे तसा

बचत गटाची सहयोगिनी म्हणून मी एरवी पापड-मसाल्यांवर बोलते. आज बोलणार आहे दगडांवर.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्यातल्या पोकळ्यांत स्फटिक वाढलेले असतात. विहीर खोदताना, खडीच्या खाणीत ते सापडतात आणि आपण सगळ्यांनाच गारगोटी म्हणतो. सिन्नरला तर गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक ओळखतात.

मालकाच्या परवानगीने घेतलेला दगड मोबाईलवरून विकायचा, तर गिऱ्हाईक बघतं फक्त फोटो. आमच्याकडच्या एका ताईंचा फिका गुलाबी स्टिल्बाइट फिल्टरमुळे पार भगवा दिसला. गिऱ्हाईकाने तो परत पाठवला. दोन्ही वेळचं कुरिअर ताईंच्या अंगावर, आणि येताना त्याची एक पेंढी तुटली ती वेगळीच. (स्टिल्बाइट खरंच मध्ये बांधलेल्या पेंढीसारखा दिसतो, बघा कधी.)

फोटो खिडकीपाशी काढा, पण थेट ऊन नको. घरातला बल्ब आणि फ्लॅश दोन्ही बंद, नाहीतर एक बाजू पिवळी, दुसरी निळी येते. दगडाखाली न चमकणारं काळं कापड घ्या, जुन्या सुती परकराचंही चालेल. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे सावलीतले स्फटिकही उजळतात. काळ्या कापडामुळे मोबाईल फोटो जास्तच उजळ करतो आणि पारदर्शक अपोफायलाइट पांढराफटक होतो. म्हणून स्फटिकावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. मोबाईल डब्यांना टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावलात, तर हात हलायचा प्रश्नच नाही.

तापणारा दिवा दगडाजवळ नेऊ नका. यातल्या बऱ्याच खनिजांच्या अंगात पाणी असतं, तापल्यावर ते निघून जातं. आणि कापसाच्या बोंडासारखा ओकेनाइट तर पुसायचाही नाही, धुवायचाही नाही. त्याचे केस एकदा चिकटले की संपलं.

आता एडिटिंग. एका फोटोत दगडाशेजारी पांढरा कागद ठेवा. तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंगाचा पिवळे-निळेपणा हलवा आणि तेवढंच बाकीच्या फोटोंना करा. मग दगड हातात घेऊन खिडकीत मोबाईलशी ताडून बघा. सॅच्युरेशनला हात लावायचा नाही, हे माझं ठाम मत आहे. कापडावरची धूळ पुसा, खुशाल पुसा. स्फटिकाची तुटलेली कड मात्र पुसायची नाही. उलट तिचा जवळून वेगळा फोटो द्या. गोंदाने जोडलं असेल तर तेही लिहा. एका फोटोत शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे दगड केवढा ते कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बारीक सुया फुटत नाहीत.