वनस्पतिरंग आणि सूर्यविद्युत्
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



रंगाऱ्यांच्या कुळात जन्मलेल्यांपुढे रंगाविषयी बोलणे हे धाडसच होय. तथापि ज्या रंगांनी आपल्या पूर्वजांनी लुगडी-पागोटी रंगविली, तशाच रंगांपासून वीजही निघते, ही वार्ता आपल्या कानी घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इ. स. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ब्रायन ओरीगन व मायकेल ग्रेट्झेल यांनी या घटाचे वृत्त प्रसिद्ध केले. टिटॅनियम डायऑक्साइड ही भिंतींच्या पांढऱ्या रंगातील भुकटी. एकटी ती केवळ अतिनील किरण शोषते. तिजवर रंग चढविला म्हणजे रंगाचा रेणू दृश्य प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन तिच्या स्वाधीन करतो. ती तूट आयोडीनचे द्रावण भरून काढते. त्यांचा रंग रुथेनियम या महाग धातूचा होता. परंतु कोकमाच्या किंवा डाळिंबाच्या रसानेही घट चालतो.

वीजवाहक लेपाच्या काचेवर भुकटीचा पातळ थर देऊन तो सुमारे ४५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजावा, निवल्यावर रसात बुडवावा. दुसऱ्या काचेवर काजळी धरावी व दोहोंमध्ये द्रावणाचे थेंब सोडावेत.

मंजिष्ठेला तुरटी लागते, हे येथे कोणास सांगावयास नको. कोकमाच्या रंगास मात्र येथे तुरटी नको. त्यातील सायनिडिनाचे शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट टिटॅनियमला स्वतःच धरतात. पानांच्या हिरव्या रंगास अशी पकड नाही, म्हणून तो दुबळा ठरतो.

आता परीक्षेविषयी. मीटरवर ०.४ व्होल्ट दिसताच हर्ष मानणारे पुष्कळ. प्रवाह नगण्य असला तरी व्होल्ट दिसतातच. घटावर भार देऊन दोहोंचा गुणाकार पाहावा. भर उन्हात चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट पडतात. वनस्पतिरंगाचे घट त्यांतील बहुधा १ टक्का किंवा त्याहून कमीच देतात, म्हणजे फार तर १० वॅट. बाजारातील सिलिकॉनच्या पट्ट्या २० टक्के देतात. शिवाय हे रंग उन्हात विटतात. हळदीचे पातळ वाळत घालणाऱ्या गृहिणीस हे आमच्याहून अधिक ठाऊक!

म्हणून ज्ञातीच्या निधीतून अशा घटांचा कारखाना काढावा, या उत्साही तरुणांच्या सूचनेस आम्ही संमती देऊ शकत नाही. तो निधी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा आहे. परंतु कोणता रंग उन्हात किती टिकतो, हे ज्या वृद्धांस ठाऊक आहे त्यांजकडून ते या वर्षीच लिहून घ्यावे. मुलांनी सुट्टीत त्या त्या रंगाचे घट करून महिनाभर उन्हात ठेवावेत व रोजचा प्रवाह वहीत टिपावा. काचा व मीटर यांचा खर्च आम्ही सोसू.